एन्झाइम वापरून नॅचरल प्रॉडक्ट बनवायचंय? साध्या लॅबमध्ये सल्कॅटॉलपासून सुरुवात करा

नॅचरल प्रॉडक्ट सिंथेसिस म्हटलं की आपल्या एमएस्सीच्या पोरांच्या डोळ्यासमोर पंचवीस स्टेप्सची स्कीम, मायनस ७८ डिग्रीचा बाथ आणि परवडणार नाही असा कायरल लिगँड येतो, आणि एन्झाइम म्हटलं की ते बायोकेमवाल्यांचं खातं म्हणून पुढं जातात. खरं तर कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये शेकर, टीएलसी (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते दाखवणारी प्लेट), रोटा (सॉल्व्हंट उडवायचं मशीन) आणि फ्रीज एवढं असेल तर एन्झाइमची एक स्टेप आरामात बसते. अट एकच, एन्झाइम सगळीकडे घुसवायचं नाही, केमिस्ट्री जिथं अडते त्या एकाच ठिकाणी लावायचं. प्रपोजलमध्ये "ग्रीन" शब्द पाहिजे म्हणून कुठंतरी लायपेज (एस्टर तोडणारं एन्झाइम) टाकून दिलेले प्रोजेक्ट बरेच बघितलेत, त्यातनं काही निघत नाही.

ही कल्पना काय आजची नाही. व्हिटॅमिन सी बनवायची राइखश्टाइनची पद्धत १९३३-३४ सालची, त्यात सॉर्बिटॉलचं सॉर्बोज करायची एक स्टेप बॅक्टेरियाकडून करून घेतात आणि बाकीचं साधी केमिस्ट्री, कारण सहा ओएच पैकी नेमका एकच ऑक्सिडाइज करणं फ्लास्कमध्ये डोकेदुखी आहे आणि त्या बॅक्टेरियाला ते जन्मजात येतं. १९५२ ला अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी रायझोपस बुरशी वापरून प्रोजेस्टेरॉनच्या ११ नंबरच्या कार्बनवर ओएच बसवला आणि कॉर्टिसोनचा लांबलचक रस्ता एकदम आखूड झाला. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधात उलटं आहे, तिथं जेनेटिकली बदललेलं यीस्टच आर्टेमिसिनिक अ‍ॅसिडपर्यंत पोचवतं (२०१३ च्या पेपरमध्ये लिटरला २५ ग्रॅम) आणि शेवटचा पेरॉक्साइडचा भाग सिंगलेट ऑक्सिजन वापरून केमिस्ट करतो.

आधी कागदावर: एन्झाइम कुठं लावायचं

रेट्रोसिंथेसिस, म्हणजे टार्गेटपासून उलटं मागं जाणारी स्कीम, काढताना प्रत्येक स्टेपला दोनच प्रश्न विचारा. इथं कायरल सेंटर (ज्या कार्बनमुळं रेणूला डावा-उजवा असे दोन हात, म्हणजे आर आणि एस, येतात) तयार होतंय का, आणि ते साध्या रिएजंटनं होत नाहीये का? दोन्हीचं उत्तर हो आलं तर एन्झाइमचा विचार करा, नाहीतर सोडा.

आपल्यासारख्या लॅबला झेपणारे प्रकार मोजकेच आहेत. लायपेज, म्हणजे सेकंडरी अल्कोहोलच्या रेसिमिक (दोन्ही हात निम्मे-निम्मे) मिक्स्चरमधनं एक हात वेगळा काढायला. कीटोरिडक्टेज, म्हणजे कीटोनपासून थेट कायरल अल्कोहोल. आणि गरिबाचं कीटोरिडक्टेज म्हणजे बेकरीचं यीस्ट किंवा चक्क गाजर. पी-४५० एन्झाइमनं सीएच बाँडवर ओएच बसवणं, किंवा बेंझीन रिंगपासून सिस-डायॉल करणारं टोल्युइन डायऑक्सिजनेज, ही भारी हत्यारं आहेत. हुडलिकींच्या ग्रुपनं हॅलोबेंझीनच्या असल्या डायॉलपासून पँक्रॅटिस्टॅटिन या अवघड नॅचरल प्रॉडक्टपर्यंत मजल मारली. पण तिथं जिवंत रिकॉम्बिनंट कल्चर, फर्मेंटर आणि सोबत एखादा मायक्रोबायोलॉजीवाला लागतो, तेव्हा पहिल्या प्रोजेक्टला तिकडं जाऊ नका.

टार्गेट: सल्कॅटॉल

मी नवीन माणसाला सल्कॅटॉल सुचवतो. आठ कार्बनचा छोटा अल्कोहोल, एकच कायरल सेंटर, एक डबल बाँड. उत्तर अमेरिकेत लाकडात भोकं पाडणारा ग्नॅथोट्रायकस सल्कॅटस नावाचा अँब्रोशिया भुंगेरा आहे, त्याचा हा फेरोमोन (आपल्या जातीला बोलवायचा वास). गंमत अशी की हा किडा शुद्ध एनँटिओमर, म्हणजे एकच हात, सोडतच नाही, ६५ टक्के एस आणि ३५ टक्के आर असं मिक्स सोडतो, आणि नुसता एस किंवा नुसता आर ठेवला तर तो फिरकत पण नाही. त्याचा भाऊबंद ग्नॅथोट्रायकस रेट्युसस मात्र फक्त एस वर येतो आणि त्यात आर मिसळला की बिचकतो. हे सगळं कळायला दोन्ही हात वेगवेगळे, शुद्ध हातात असणं गरजेचं होतं, म्हणून ही सिंथेसिस नुसती कसरत नाही.

दुसरं कारण पैशाचं. याचा कीटोन, सल्कॅटोन म्हणजे ६-मेथिल-५-हेप्टेन-२-ओन, परफ्युमरीच्या धंद्यातला स्वस्त माल आहे, गवती चहाच्या तेलात पण थोडा असतो.

पायरी १: रेसिमिक माल आणि अ‍ॅनालिसिस, एन्झाइमची बाटली उघडायच्या आधी

ही पायरी सगळे टाळतात आणि नंतर बोंबलतात. रेसिमिक सल्कॅटॉल आणि रेसिमिक अ‍ॅसिटेट हातात नसेल आणि त्यांचे दोन-दोन पीक वेगळे दिसत नसतील तर एन्झाइमनं काय केलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सल्कॅटोन ६.३ ग्रॅम (५० मिलिमोल) ५० मिली मेथॅनॉलमध्ये घ्या, बर्फात ठेवा, सोडियम बोरोहायड्राइड ०.९५ ग्रॅम थोडं थोडं करून टाका, फेस आणि हायड्रोजन येतो म्हणून फ्यूम हूडमध्येच आणि बुच न लावता. तासाभरात टीएलसी बघा. या कंपाउंडला यूव्हीत काही दिसत नाही, परमँगनेट किंवा अ‍ॅनिसाल्डिहाइडचा स्टेन मारा. रिअ‍ॅक्शन मोडताना एचसीएल ओतायची सवय आहे तुम्हाला, ती इथं नको. अ‍ॅसिडमध्ये डबल बाँड प्रोटोनेट होतो, तोच ओएच येऊन चिकटतो आणि २,२,६-ट्रायमेथिल टेट्राहायड्रोपायरान नावाची सहा जणांची रिंग तयार होते, म्हणजे माल गेला. अमोनियम क्लोराइडच्या सोल्युशननं मोडा, ईथरमध्ये काढा, सोडियम सल्फेटवर वाळवा. रोटाचा बाथ ३० च्या आसपास आणि व्हॅक्यूम बेतानं, कारण सल्कॅटॉल उडतो आणि मग यील्ड कमी आलं म्हणून दोष केमिस्ट्रीला.

यातला थोडा भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि पिरिडिननं अ‍ॅसिटेट करून ठेवा. आता सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कायरल जीसी कॉलमवर दोन्ही चालवा. तसला कॉलम आपल्याकडं नसतोच, मग पुण्याला किंवा ओळखीच्या फार्मा कंपनीत सँपल पाठवायची सोय आधीच लावून ठेवा. तेही जमत नसेल तर मोशर एस्टर (शुद्ध कायरल अ‍ॅसिड जोडायचं, म्हणजे दोन्ही हात वेगळे दिसतात) करून एनएमआर. नुसत्या पोलॅरिमीटरच्या आकड्यावर ईई (एक हात दुसऱ्यापेक्षा किती टक्के जास्त) सांगू नका, थोडा सॉल्व्हंट राहिला तरी आकडा बदलतो. चिन्ह बघायला मात्र तो चांगला, एस सल्कॅटॉल प्लस आणि आर मायनस.

पायरी २: एन्झाइम मागवणं आणि सांभाळणं

आपल्याला लागतंय कँडिडा अंटार्क्टिकाचं लायपेज बी, लॅबच्या भाषेत कॅल-बी, तेही अ‍ॅक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं. नोव्होझाइम ४३५ या नावानं प्रसिद्ध आहे. मण्यांवरचं का? गाळून परत वापरता येतं आणि ऑर्गॅनिक सॉल्व्हंटमध्ये पावडरीसारखं गठ्ठा होऊन बसत नाही. सॉल्व्हंटमध्ये एन्झाइम मरतं असं अजून काही सर शिकवतात, पण १९८४ सालीच झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या पँक्रियाचं लायपेज जवळजवळ कोरड्या ऑर्गॅनिक सॉल्व्हंटमध्ये १०० डिग्रीला चालवून दाखवलं होतं.

ऑर्डर अशी टाका की पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला पोचेल, शनिवारी आलेलं पार्सल सोमवारपर्यंत कुरियरच्या गोडाऊनमध्ये पडून राहतं. कॅल-बी तसं दणकट आहे, कीटोरिडक्टेजसारखी नाजूक मंडळी असली तर मात्र हे फार जपायचं.

आणि आपल्याकडचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हवा एवढी ओली असते की फ्रीजमधनं काढलेली बाटली लगेच उघडली तर आतल्या मण्यांवर पाणी धरतं. लायपेजला पाणी मिळालं की ते त्याचं मूळ काम, म्हणजे एस्टर तोडायचं, सुरू करतं. तुमचं व्हिनाइल अ‍ॅसिटेट तुटून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं आणि तयार झालेलं प्रॉडक्ट पण हळूहळू मागं फिरतं. म्हणून बाटली रूम टेंपरेचरला येईपर्यंत बंद ठेवा, लागेल तेवढं वजन करून लगेच झाकण लावा, सॉल्व्हंट मॉलिक्युलर सीव्हवर ठेवलेला वापरा.

पायरी ३: रिअ‍ॅक्शन

रेसिमिक सल्कॅटॉल १.२८ ग्रॅम (१० मिलिमोल), कोरडा एमटीबीई (मेथिल टर्ट-ब्युटिल ईथर) १५ मिली, व्हिनाइल अ‍ॅसिटेट १.९ मिली म्हणजे साधारण २० मिलिमोल, शेवटी कॅल-बी १०० मिलिग्रॅम. बुचाचा कॉनिकल फ्लास्क, ३० डिग्री, १५० आरपीएमचा शेकर. मॅग्नेटिक बार टाकू नका, तो मणी दळून टाकतो आणि मग गाळताना पीठ खाली येतं. शेजारी एन्झाइम न टाकलेला दुसरा फ्लास्क ठेवा, तो तुमचा कंट्रोल. एमटीबीई ५५ डिग्रीला उकळतो आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट ७२ ला, दोन्ही पेट घेणारे, तेव्हा एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत फ्लास्क उन्हाच्या खिडकीपाशी ठेवण्याचं धाडस करू नका.

व्हिनाइल अ‍ॅसिटेटच का, साधं इथाइल अ‍ॅसिटेट का नाही? इथाइल अ‍ॅसिटेटमधनं इथेनॉल सुटतं आणि तेच परत रिअ‍ॅक्शन उलटी फिरवतं. व्हिनाइल अल्कोहोल सुटलं की लगेच अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन उडून जातं, परतीचा रस्ता बंद. काही लायपेजना हे अ‍ॅसिटाल्डिहाइड बाधतं, त्यांच्यासाठी आयसोप्रोपेनिल अ‍ॅसिटेट घ्या, त्यातनं अ‍ॅसिटोन सुटतं. कॅल-बी ते सहन करतं.

कुठला हात आधी जाईल ते काझलॉस्कसच्या १९९१ च्या नियमावरून आधीच सांगता येतं. ओएच असलेल्या कार्बनवर एका बाजूला छोटा ग्रुप आणि दुसऱ्या बाजूला मोठा असेल, तर लायपेज एका ठराविक हाताला पटकन धरतं. आपल्या केसमध्ये छोटा म्हणजे मेथिल, मोठा म्हणजे डबल बाँडवाली शेपटी, आणि धरला जातो तो आर. म्हणजे आर चं अ‍ॅसिटेट होणार आणि एस अल्कोहोल म्हणून शिल्लक राहणार. दोन्ही बाजूचे ग्रुप जवळपास सारख्या मापाचे असले, उदाहरणार्थ इथाइल आणि प्रोपाइल, तर लायपेज पण गोंधळतं, तिथं हा उद्योग करू नका.

तासातासानं थोडं सँपल काढा, पाश्चर पिपेटमध्ये कापूस घालून मणी अडवा, जीसीला द्या. जीसी रिकामा नसेल तर एनएमआरवर पण कन्व्हर्जन कळतं, ओएच शेजारचा प्रोटॉन अल्कोहोलमध्ये ३.८ पीपीएमच्या आसपास आणि अ‍ॅसिटेटमध्ये ४.९ च्या आसपास, दोघांचं इंटिग्रेशन काढा आणि भागाकार करा.

पायरी ४: कुठं थांबायचं

चांगलं सिलेक्टिव्ह एन्झाइम असेल तर ५० टक्क्यांजवळ रिअ‍ॅक्शन आपोआप मंदावते, ग्राफ सपाट होतो. पण सपाट झाला म्हणून खूश होऊ नका, एन्झाइम मेलं असलं तरी ग्राफ सपाटच दिसतो. खरं उत्तर ई व्हॅल्यूत, म्हणजे एन्झाइम एका हाताला दुसऱ्यापेक्षा किती पट पसंत करतं त्यात आहे, चार्ल्स सिह यांच्या ग्रुपनं १९८२ ला दिलेला फॉर्म्युला. उरलेल्या अल्कोहोलचा ईई अ धरा, तयार झालेल्या अ‍ॅसिटेटचा ईई ब धरा, दोन्ही टक्क्यात नाही तर दशांशात. मग कन्व्हर्जन

क = अ ÷ (अ + ब)

आणि

ई = लॉग[(१ − क)(१ − अ)] ÷ लॉग[(१ − क)(१ + अ)]

समजा अ आला ०.९२ आणि ब आला ०.९७. मग क निघतो ०.४८७ आणि ई साधारण २१७. आता जीसीच्या पीकचं इंटिग्रेशन जरासं हललं आणि ब ०.९७ ऐवजी ०.९६ आला तर ई होतो १६२ च्या आसपास. ईई मध्ये एका टक्क्याचा फरक आणि ई मध्ये पन्नासाहून जास्त! म्हणून थिसिसमध्ये "ई = २१७.४" असलं काही लिहू नका, "२०० च्या आसपास" लिहा, परीक्षकाला कळतं कोणाला कळलंय ते.

ई कमी असला तरी सगळं संपलं असं नाही. ई २० असेल तर ५० टक्क्यांना थांबून दोन्हीचे ईई ७९ च्या आसपास येतात, दोन्ही कामाचे नाहीत. पण तीच रिअ‍ॅक्शन ६२ टक्क्यांपर्यंत ताणली तर उरलेल्या अल्कोहोलचा ईई ९९ ला पोचतो, फक्त माल ३८ टक्केच उरतो. याच्या उलट तुम्हाला अ‍ॅसिटेट शुद्ध पाहिजे असेल तर ५० च्या बरंच आधी थांबा. कुठला हात पाहिजे हे आधी ठरवलं तरच कुठं थांबायचं ते ठरतं.

थांबायचं म्हणजे फक्त मणी गाळायचे, एवढंच क्वेंचिंग. मणी एमटीबीईनं धुवा, हवेत वाळवा, लेबल लावून फ्रीजमध्ये ठेवा, पुढच्या बॅचला परत चालतात. दर वेळी किती वेळात किती कन्व्हर्जन झालं ते बाटलीवरच लिहीत जा म्हणजे मणी कधी थकले ते कळेल.

पायरी ५: वेगळं करणं

छोट्या स्केलला हेक्सेन आणि इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये कॉलम मारा, अ‍ॅसिटेट आधी येतं आणि अल्कोहोल मागनं, अंतर भरपूर आहे. दहा-वीस ग्रॅम करायचं असेल तर कॉलममध्ये सिलिका आणि सॉल्व्हंट ओतत बसू नका, व्हिनाइल अ‍ॅसिटेटच्या जागी सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइड घ्या. आर चं हाफ एस्टर होतं आणि त्याला अ‍ॅसिडची शेपूट असते, बायकार्बोनेटनं धुतलं की ते पाण्यात जातं आणि एस अल्कोहोल वर ऑर्गॅनिकमध्ये राहतं. सेपरेटिंग फनेलमध्ये अर्ध्या तासाचं काम.

अ‍ॅसिटेटवरनं आर अल्कोहोल परत पाहिजे तर मेथॅनॉलमध्ये पोटॅशियम कार्बोनेट घालून हलवा. यात कायरल सेंटरला धक्का लागत नाही, कारण तुटतो तो कार्बोनिलकडचा बाँड.

या पद्धतीची एकच खोड, एका हाताचं यील्ड ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. त्यावर दोन उपाय. रुथेनियमचा श्वो कॅटालिस्ट सोबत टाकून उरलेला हात सतत रेसिमाइज करत राहायचं, याला डायनॅमिक काइनेटिक रिझोल्यूशन म्हणतात, पण त्यासाठी नीट हवाबंद सेटअप लागतो. दुसरा उपाय देशी, मणी गाळून व्हिनाइल अ‍ॅसिटेट उडवून टाका आणि त्याच मिक्स्चरवर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घेऊन मित्सुनोबू (ओएच ची जागा उलट्या बाजूनं भरणारी रिअ‍ॅक्शन) करा. उरलेला एस अल्कोहोल उलटा होऊन आर अ‍ॅसिटेट होतो, आणि आधीचा आर अ‍ॅसिटेट आहे तसा राहतो, म्हणजे सगळाच माल एका हाताचा. नंतर ट्रायफिनाइल फॉस्फिन ऑक्साइड काढताना शिव्या द्याल, पण कॉलम एकदाच मारायचाय.

पायरी ६: एस थेट पाहिजे असेल तर यीस्ट

प्रेलॉगचा नियम सांगतो की यीस्टमधली बरीच रिडक्टेजेस अशा मेथिल कीटोनचं एस अल्कोहोल करतात, आणि सल्कॅटोनचं पण तसंच होतं. यीस्टवर हात बसवायला आधी इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट घ्या, झीबाख यांच्या ग्रुपची खूप वेळा तपासलेली कृती आहे. आपल्या स्केलला उतरवून, कोमट ३० डिग्रीचं पाणी १६० मिली, साखर ३० ग्रॅम, बेकरीचं ओलं यीस्ट २० ग्रॅम. तासाभरानं फसफसायला लागलं की अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट २ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी परत साखर २० ग्रॅम आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट २ ग्रॅम. एकूण दोन-अडीच दिवस. बुच घट्ट लावू नका, कार्बन डायऑक्साइडनं फ्लास्क फुटेल. गुळाच्या गावात राहून साखर कशाला असं कोणीतरी विचारणारच, पण गुळाचा रंग आणि बाकीचा ऐवज एक्स्ट्रॅक्शनमध्ये सोबत येतो, तेव्हा साखरच घ्या.

प्रॉडक्ट मिळतं एस-३-हायड्रॉक्सिब्युटिरेट, यील्ड ६० ते ७५ टक्के, ईई ८५ च्या आसपास. शंभर का नाही? कारण यीस्टमध्ये एक नाही, बरीच रिडक्टेजेस आहेत आणि त्यातली काही उलटा हात बनवतात. कीटोन एकदम जास्त ओतला की ही दुसरी मंडळी पण कामाला लागतात, थोडा थोडा सोडला की ईई वाढतो. याच एस्टरपासून केन्जी मोरी यांनी एस सल्कॅटॉल बनवलं होतं, म्हणजे दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात.

वर्कअप हाच खरा त्रास. यीस्टचा चिखल तसाच ईथरबरोबर हलवला की दुधासारखं इमल्शन होतं आणि दुपार गेली. आधी सेलाइट (गाळायला मदत करणारी पावडर) टाकून गाळा, पाण्यात मीठ विरघळेल तेवढं विरघळवा, मग ईथर, आणि जोरात हलवायचं नाही, फनेल नुसतं वरखाली करायचं.

गाजराचं पण सांगतो. हैदराबादच्या आयआयसीटीतल्या यादव आणि सहकाऱ्यांनी २००२ ला दाखवलं की ताज्या गाजराच्या चकत्या पाण्यात टाकून अ‍ॅसिटोफिनोन घातलं तर एस अल्कोहोल ९० च्या वर ईई नं मिळतं. १०० मिलिग्रॅम कीटोनला साधारण १० ग्रॅम गाजर आणि ७० मिली पाणी, शेकरवर दोन दिवस. मंडईतनं गाजर आणा, साल काढा, स्वच्छ चाकूनं पातळ कापा. बीएस्सीच्या पोरांना दाखवायला झकास, ग्रॅमच्या वर माल पाहिजे असेल तर मात्र पोतंभर गाजर लागेल.

पायरी ७: शुद्ध कीटोरिडक्टेज आणि पीएचचा हिशोब

यीस्टचा ईई पुरत नसेल तर विकतचं कीटोरिडक्टेज, पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये. याला एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा को-फॅक्टर) लागतो आणि तो तोळ्यानं विकला जावा एवढा महाग, म्हणून चिमूटभर टाकून ग्लुकोज आणि ग्लुकोज डिहायड्रोजनेजनं परत परत भरून घ्यायचा. इथं सगळे फसतात ते बफरच्या भरवशावर. एक मोल कीटोन रिड्यूस झाला की एक मोल ग्लुकॉनिक अ‍ॅसिड तयार होतं. १० मिलिमोल कीटोनसाठी ०.१ मोलरचा १०० मिली बफर घेतला तर त्यात फॉस्फेटच मुळात १० मिलिमोल, आणि अ‍ॅसिड झेलणारा भाग त्याहून कमी. अर्ध्यावरच बफर हात टेकतो, पीएच घसरतो, एन्झाइम थंड पडतं, आणि आपण म्हणतो माल खराब आला. पीएच मीटर आतच ठेवा आणि पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब देत राहा. एवढं बसून राहायला जमणार नसेल तर आयसोप्रोपॅनॉल चालणारं अल्कोहोल डिहायड्रोजनेज निवडा, त्यातनं अ‍ॅसिटोन सुटतं, अ‍ॅसिड नाही.

तयार एन्झाइम विकत आणलं तर परवानगीचा प्रश्न नाही. पण एन्झाइम बनवणारी जनुकं घातलेला ई. कोलाय लॅबमध्ये वाढवायचा असेल तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि कमिटीच नसलेल्या कॉलेजांनी विद्यापीठाच्या एखाद्या लाइफ सायन्सच्या डिपार्टमेंटशी जोडून घेतलेलं बरं. साधे, न बदललेले स्ट्रेन पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम कलेक्शनमधनं किंवा चंदीगडच्या एमटीसीसीतनं रीतसर मागवता येतात. पत्रात स्ट्रेनचा नंबर, काम काय आणि गाइडची सही हे तिन्ही असू द्या, आणि कल्चर आल्या आल्या त्याचा ग्लिसरॉल स्टॉक करून डीप फ्रीजरमध्ये टाका, रोजच्या स्लँटवर (नळीतल्या आगरवरच्या कल्चरवर) विसंबू नका.